शेवटच्या टोकाचा जमाखर्च



जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी देशाचा अंतिम ऊर्जावापर आणि ऊर्जाबचतीची धोरणे हा विषय मी निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्रे, तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि दिल्लीच्या मंत्रालयांतील आकडेमोड यांच्याशी ज्या विषयाचा संबंध, तो विषय वर्ध्याच्या मगनवाडीत बसून हातकुटाईच्या तांदळाचा आणि घाणीच्या तेलाचा विचार करणाऱ्या पुरुषाच्या नावाशी कसा जोडावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, ऊर्जेचे तज्ज्ञ आज ज्या प्रश्नापाशी बऱ्याच वळणांनी येऊन पोहोचले आहेत, त्या प्रश्नापासूनच कुमारप्पांनी आपल्या विचाराचा प्रारंभ केला होता, आणि तो याच गावात, नव्वद वर्षांपूर्वी केला होता. ऊर्जा किती निर्माण झाली हे मागाहून पाहू. ज्याच्या नावाने ती निर्माण केली त्याच्या पदरात तिच्यातले काम किती पडले, हे आधी सांगा, असा तो प्रश्न आहे.

खाणीतून निघालेल्या कोळशाला प्राथमिक ऊर्जा म्हणतात, आणि त्याची वीज होऊन ती तारांवरून ग्राहकाच्या मीटरपर्यंत पोहोचली म्हणजे तिला अंतिम ऊर्जा असे नाव मिळते. शास्त्रीय ग्रंथांत आणि सरकारी अहवालांत हिशेब बहुधा येथे थांबतो. वस्तुतः तो येथे थांबू नये. कारण शेतकऱ्याला विजेशी कर्तव्य नसते, त्याला हरभऱ्याच्या मुळाशी पाणी हवे असते. विद्यार्थ्याला वहीवर प्रकाश हवा असतो आणि गृहिणीला शिजलेले वरण हवे असते. समजा, चंद्रपूर किंवा कोराडी येथील केंद्रात शंभर भाग उष्णता देईल इतका कोळसा जाळला. त्यातील पस्तीसच्या आसपास भागांची वीज होते. उरलेली उष्णता धुरांड्यावाटे आणि शीतनमनोऱ्यांवाटे निघून जाते, आणि यात अभियंत्यांचा दोष थोडा असून निसर्गनियमांचे बंधन मोठे आहे. पारेषण आणि वितरण यांत पाचवा हिस्सा खर्ची पडला असे धरले, तर खेड्यातील रोहित्रापर्यंत अठ्ठावीस भाग येऊन पोहोचतात. तेथून ती वीज दोन-तीन वेळा रिवाइंडिंग झालेल्या मोटारीत गेली, की अशा पंपसंचाची प्रत्यक्ष कार्यक्षमता शेकडा तीसच्या वर क्वचितच जात असल्यामुळे, पाणी वर उचलण्याच्या कामी साडेआठ भाग लागतात. आणि ते पाणी मातीच्या मोकळ्या दांडाने सोडून त्यातले निम्मे वाटेत मुरले किंवा उडून गेले, तर पिकाच्या वाट्याला चारच भाग येतात. जुन्या तारेच्या दिव्याचा हिशेब तर याहून खिन्न करणारा आहे. त्यात विजेच्या वीस भागांपैकी जेमतेम एक भाग प्रकाश होतो, म्हणजे खाणीतल्या शंभरांपैकी दीडही भाग वहीवर पडत नाही.

हा हिशेब ढोबळ आहे हे मी जाणतो. पंपापंपात आणि तारेतारेत फरक असतो. परंतु त्याच्यातून निघणारे अनुमान पक्के आहे. शेवटच्या टोकाला विजेचा एक भाग वाचला, तर खाणीच्या तोंडाशी साडेतीन भाग कोळसा वाचतो. आणि खाणीच्या तोंडाशी साडेतीन भाग अधिक खणले, तर शेवटच्या टोकाला एकच भाग पोहोचतो. असे असता गेली पाऊणशे वर्षे आपण पराक्रम मानला तो खणण्याचा. वाचविण्याला पराक्रमाची प्रतिष्ठा कधी लाभली नाही.

या जिल्ह्याच्या इतिहासात दोन गोष्टी अशा आहेत की, त्यांच्यावाचून मला पुढचे विवेचन करता येणार नाही. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला, आणि त्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांचे हक्क कायम झाले. ज्या व्यवस्थेने मालगुजारास गावाचा मालक केले, तिनेच प्रत्येक मौज्याच्या वाजिब-उल-अर्जमध्ये रयतेच्या वहिवाटीही लिहून ठेवल्या: सरपण कोठून आणावे, गुरे कोठे चारावीत, घराच्या कामासाठी लाकूड आणि बांबू कोणत्या शर्तीवर तोडावेत. हे निस्ताराचे हक्क होत. त्या नोंदीत मण-शेरांचा आकडा नसे, परंतु घरातील चूल पेटती राहणे हा रयतेच्या हक्काचा भाग आहे, ही गोष्ट पटवाऱ्याच्या दफ्तरात शाईने नमूद झालेली असे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली, ते योग्यच झाले. तथापि जमीन सरकारजमा झाल्यावर सरपण हा विषय हळूहळू वनखात्याच्या बंदोबस्ताचा झाला, आणि ऊर्जेचे दफ्तर जेव्हा दिल्लीत नव्याने उघडले गेले, तेव्हा त्यात कोळसा, तेल आणि वीज यांची खाती पडली. गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या यांना व्यापारबाह्य इंधन असे नाव देऊन बाजूला ठेवण्यात आले. स्वातंत्र्याच्या वेळी साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता १,३६२ मेगावॉट होती आणि दरडोई वापर वर्षाला सोळा युनिटांच्या जवळपास होता. म्हणजे देशाच्या चुलींपैकी जवळजवळ सगळ्या ज्या इंधनावर चालत होत्या, तेच मुख्य वहीतून सुटले.

दुसरी गोष्ट वरोऱ्याच्या खाणीची. वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्याकडे जो लोहमार्ग गेला, तो कापूस आणि कोळसा या दोन मालांसाठी गेला. वरोऱ्याची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली आणि १९०६ मध्ये ती बंद करावी लागली. पस्तीस वर्षांत, म्हणजे एका माणसाच्या उमेदीच्या काळात, भूगर्भातील तो साठा उघडला गेला, आगगाडीच्या भट्टीत गेला आणि तेथील काम आटोपले. वर्धेच्या खोऱ्यात पुढे इतर खाणी निघाल्या आणि आजही निघत आहेत, म्हणून त्या पहिल्या खाणीचा विसर पडला.

कुमारप्पांना अशा गोष्टींचा विसर पडणे शक्य नव्हते, कारण ते शिक्षणाने हिशेबनीस होते. तंजावर येथे १८९२ साली जन्मलेल्या या गृहस्थाने लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केला, आणि गांधीजींच्या सहवासात आल्यावर पहिले मोठे काम केले ते गुजरातेतील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीचे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, जमनालालजी बजाज यांनी आपली बाग संघाला दिली, मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली, आणि संघाचे मंत्री म्हणून कुमारप्पा तेथे येऊन राहिले. ग्रामोद्योग म्हटले की भावनेचा आणि परंपरेच्या अभिमानाचा विषय, अशी समजूत पुष्कळांची आहे. मगनवाडीत जे चालले ते वस्तुतः काटेकोर मोजमापाचे काम होते. झवेरभाई पटेलांनी तेथे जुन्या बैलघाणीत सुधारणा करून जी घाणी सिद्ध केली, ती वर्धा घाणी या नावाने देशभर गेली. बैल तोच, पण त्याच्या श्रमातून तेल अधिक निघावे, हा तिचा हेतू. रॉकेल परदेशातून येते आणि तीळ-सरकी शेजारच्या शेतात होते, म्हणून वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप तेथे तयार झाला. धूर घराबाहेर जावा आणि एकाच जाळावर दोन भांडी चढावीत, म्हणून मगनचूल तयार झाली. घाणी, दिवा, चूल ही तिन्ही साधने ऊर्जेच्या शेवटच्या टोकाची आहेत, हे लक्षात घ्यावे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आणि जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आपल्या स्थायी अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी जो सिद्धान्त मांडला, तो या मोजमापातून वर आलेला आहे. ऊन, पाऊस, वनस्पती आणि प्राणिमात्रांचे श्रम यांचा प्रवाह वर्षानुवर्षे भरून येतो. कोळसा आणि खनिज तेल हे साठे उपसले की संपतात. साठ्यावर उभारलेली अर्थव्यवस्था त्या साठ्याच्या मालकीसाठी हिंसेकडे वळते, हे त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत लिहिले. शूमाखर या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात कुमारप्पांचा आधार घेतला, तेव्हा पाश्चात्त्य वाचकांना हे नाव कळले. विद्यापीठांतून अर्थशास्त्र शिकविणाऱ्या आपल्या पुष्कळ प्राध्यापकांना ते अद्याप कळावयाचे आहे.

मात्र येथे श्रद्धेपोटी एक घोटाळा होतो, तो टाळला पाहिजे. मगनदीप हा विजेच्या दिव्यापुढे टिकणारा नव्हता, आणि टिकला नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही. गांधीजींनी स्वतः १९३५ च्या ‘हरिजन’मध्ये लिहून ठेवले आहे की, खेड्यातल्या प्रत्येक घरी वीज आली आणि तिच्यावर खेडुतांनी आपली अवजारे चालविली तर त्यांचा विरोध नाही, वीजघरे मात्र गावाच्या किंवा सरकारच्या मालकीची असावीत, जशी गायराने असतात. त्या मताकडे मी वारंवार वळतो, कारण निस्ताराचा तो जुना हक्कच त्यात विजेच्या युगासाठी पुन्हा मांडलेला मला दिसतो. मगनवाडीतून घ्यावयाची ती तिची दृष्टी आणि तिचा तराजू. तिची उपकरणे संग्रहालयात ठेवावीत, तशी ती ठेवलेली आहेतच.

आता देशाच्या धोरणाकडे वळतो. १९७३ साली तेलाचे भाव चौपट झाले, त्यानंतर इंधन-धोरण समितीचा अहवाल आला, पेट्रोलियम संवर्धनाची संस्था १९७८ मध्ये निघाली, आणि बचतीची भाषा सरकारी कागदांत रूढ झाली. परंतु बचतीला कायद्याचे बळ मिळाले ते २००१ च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाने. त्या अन्वये १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला, २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लागू लागली, आणि २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना ऊर्जाखर्चाची मर्यादा नेमून देणारी, मर्यादेहून अधिक बचत करणाऱ्यास ती विकण्याची मुभा देणारी योजना सुरू झाली. पहिल्या आवर्तनात आठ उद्योगांतील ४७८ कारखाने होते; त्यांच्याकडून सुमारे ६७ लाख टन तेलाइतक्या बचतीची अपेक्षा होती, आणि प्रत्यक्षात सुमारे ८७ लाख टनांची बचत झाली. उद्दिष्टाहून फळ अधिक आले याचा आनंद मानावा. उद्दिष्टच थोडे ठेवले होते, असेही मला वाटते.

कारखान्यांपासून प्रारंभ केला हे व्यवहाराला धरून होते, कारण थोड्या दारांवर थाप मारून मोठे काम होत होते. पण गेल्या अर्धशतकात देशाच्या अंतिम वापराचे रूपच बदलले. १९७० च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या विजेपैकी दोन-तृतीयांश वीज उद्योगांत जात असे आणि घरांकडे तिचा दहावा हिस्साही येत नसे. आज उद्योगांचा वाटा दोन-पंचमांशांवर आला आहे, घरे चौथा हिस्सा घेतात आणि शेती सुमारे सहावा. विजेचा दरडोई वापर स्वातंत्र्याच्या वेळच्या सोळा युनिटांवरून सुमारे चौदाशेंवर गेला. युरोपीय संघाने २०२३ साली असे ठरविले की, २०३० पर्यंत आपला अंतिम ऊर्जावापर निरपेक्षपणे घटवावयाचा. आपल्याला तसा संकल्प करता येणार नाही आणि करूही नये, कारण आपला दरडोई ऊर्जावापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि ज्या घरात एकच दिवा आहे त्याला दुसरा मिळणे हा न्याय आहे. आपल्यापुढचे काम कारखान्यांच्या काहीशे दारांवरून कोट्यवधी घरांच्या आणि विहिरींच्या दारांवर जाण्याचे आहे.

त्या दिशेने एक यश मिळाले, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जानेवारी २०१५ मध्ये एलईडी दिव्यांची जी योजना सुरू झाली, तिच्यात सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी दिव्यांची मागणी नोंदविली, त्यामुळे २०१४ मध्ये तीनशे रुपयांवर असलेली दिव्याची घाऊक किंमत दोन वर्षांत चाळीसच्या खाली उतरली, आणि आजवर छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॉटच्या दिव्याचे काम नऊ वॉटमध्ये होऊ लागले. यात ग्राहकाला उपदेश करावा लागला नाही. दुकानातली वस्तूच बदलली. खेड्यातल्या घरात रॉकेलची चिमणी विझली आणि तिच्या जागी पूर्वीहून चांगला प्रकाश आला, हे या शतकातील थोड्या निर्भेळ सुखांपैकी एक आहे.

तथापि जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की, वाफेचे यंत्र सुधारून कोळसा कमी लागू लागला म्हणून इंग्लंडचा कोळशाचा खप घटला नाही. शक्ती स्वस्त झाली, म्हणून ती अधिक ठिकाणी वापरली जाऊ लागली आणि खप वाढला. आपल्याकडेही राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा गेली तीन दशके घटत आली आणि एकूण वापर वाढतच गेला. यावरून कार्यक्षमता व्यर्थ आहे असे अनुमान काढणारे विद्वान आहेत. मला ते पटत नाही. वाचलेली वीज कोणाकडे गेली, याची चौकशी केल्यावाचून तो निर्णय देता येत नाही. ती एकदिवी घरात गेली असेल, तर ती वाढ नसून वाटणी आहे. ती शहरातल्या काचेच्या इमारतीला थंड करण्यात गेली असेल, तर गोष्ट वेगळी. देवळीजवळून ७६५ किलोव्होल्टच्या ज्या तारा जातात, त्यांच्याखालच्या शेतात गेल्या दशकांत बारा-बारा तासांचे भारनियमन सोसलेले लोक या सभागृहात असतील, आणि त्यांना हा भेद मी समजावून सांगण्याची गरज नाही.

दिव्यात जे साधले ते पंपात का साधले नाही? ओलिताच्या विजेत माझ्या विषयाची सारी गुंतागुंत एकवटलेली आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. शेतकरी वीज उधळतो, असा एक समज शहरांत प्रचलित आहे. वास्तविक तो आपल्या परिस्थितीत जे शहाणपणाचे तेच करतो. मीटर नाही, आकारणी मोटारीच्या अश्वशक्तीवर. वीज एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर पुढच्या आठवड्यात रात्री दहा तास, आणि तीही कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही. माघातल्या रात्री दोन वाजता, सापाविंचवाच्या बांधावरून, पंप सुरू करण्यासाठी जाण्यापेक्षा त्याने ऑटो स्टार्टर बसविला, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप चालू व्हावी. पंप रात्रभर चालतो, वाफे तुडुंब भरून पाणी नाल्याला लागते. दाब कमी पडून मोटार जळते. ती पुन्हा जळू नये म्हणून कारागीर जाड तारेने रिवाइंडिंग करून देतो, आणि प्रत्येक रिवाइंडिंगबरोबर मोटारीची कार्यक्षमता उतरत जाते. पाच ताऱ्यांचा पंप त्याला परवडत नाही असे नाही. तो कमी दाबात टिकेल याची खात्री त्याला कोणी दिलेली नाही, आणि वाचलेल्या विजेचा पैसा त्याच्या खिशात येत नाही. ज्याने खर्च करावा त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ आहे तो खर्च करीत नाही, अशी ही रचना आहे.

या रचनेवर सरकारने केलेले उपाय बहुधा दराचे केले. महाराष्ट्रात २००४ साली निवडणुकीपूर्वी शेतीची वीज मोफत झाली, २००५ साली ती सवलत मागे घेतली गेली, आणि २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती पुन्हा देण्यात आली. कोरडवाहू कपाशी आणि तुरीवर जगणाऱ्या जिल्ह्यात ज्याच्याकडे विहीर आहे त्याला मदत मिळू नये, असे मी म्हणणार नाही. थकबाकीच्या नोटिशीने माणसे खचलेली आपण पाहिली आहेत. परंतु मदत विजेच्या रूपाने दिली की तिचा मोठा भाग रोहित्रात, तारेत आणि घासलेल्या पंपात नाहीसा होतो आणि शेतकऱ्याच्या पदरी त्याचा अंश पडतो. पंपसंचाची कार्यक्षमता तीसवरून पंचेचाळीसवर नेली, तर तेवढेच पाणी दोन-तृतीयांश विजेत निघते. उरलेल्या एक-तृतीयांश विजेचे अनुदान दरवर्षी देत राहण्यापेक्षा पंप, कपॅसिटर आणि नीट दाबाची वीज एकदा देणे सरकारलाही स्वस्त पडेल.

२०१७ साली सुरू झालेली आणि २०२३ पासून नव्या जोमाने राबविली जाणारी सौर कृषी वाहिनी योजना मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर पट्टिका उभारून त्या वाहिनीवरच्या पंपांना दिवसा वीज द्यावयाची, ही कल्पना कुमारप्पांच्या प्रवाही अर्थव्यवस्थेच्या फार जवळची आहे, आणि तिने रात्रीचे ओलीत संपले तर तेवढ्यानेही ती कृतार्थ होईल. एक चिंता मात्र बोलून दाखविली पाहिजे. ऊन फुकट आहे, म्हणून पाणीही फुकट आहे असे होत नाही. आपल्या जिल्ह्याच्या बहुतेक भागाखाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत पावसाचे पाणी सावकाश मुरते आणि मर्यादेपुरतेच साठते. वैयक्तिक सौर पंपांचा प्रसार होताना गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला नाही, तर आपण कोळशाचा साठा वाचवून भूजलाचा साठा संपवू.

चुलीविषयी ओलितापेक्षा थोडे बोलणे मला अन्यायाचे वाटते, तरी वेळेचे बंधन आहे. मगनचुलीनंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास निर्धूर चूल तयार केली, आणि १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत राष्ट्रीय कार्यक्रमाखाली साडेतीन कोटींच्या आसपास सुधारित चुली बसविल्या गेल्या. त्यांतील पुष्कळशा एक-दोन पावसाळ्यांत मोडल्या आणि पुन्हा कोणी पाहावयास आले नाही, कारण उद्दिष्ट चुली बसविण्याचे होते, स्वयंपाक सुखाने होण्याचे नव्हते. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने दहा कोटींवर घरांत गॅसची जोडणी नेली, हे काम लहान नाही. पण त्या घरांत वर्षाला सरासरी चारच्या जवळपास सिलिंडर लागतात, याचा अर्थ उघड आहे: चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, आंघोळीचे पाणी आणि रोजच्या भाकरी पऱ्हाट्यांवर. साध्या चुलीत उष्णतेचा दहावा हिस्सा भांड्याला लागतो. उरलेला खर्च बाईच्या डोळ्यांनी, छातीने आणि सरपणाच्या मोळीखाली वाकलेल्या मानेने भरला जातो, आणि तो देशाच्या कोणत्याही ऊर्जा-ताळेबंदात नावे पडत नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने, देवेंद्रकुमारांनी १९७६ साली ते स्थापन केल्यापासून, गोबरगॅस, चूल आणि मातीचे घर यांवर जे काम केले, ते या विसरलेल्या खात्याचेच काम होते.

घराचा उल्लेख आला म्हणून उन्हाळ्याबद्दल सांगतो. पारा सेहेचाळीस अंशांवर चढणाऱ्या या मुलखात पुढील वीस वर्षांत विजेची सर्वांत मोठी नवी मागणी गारव्याची असणार आहे. जुन्या पंख्याला पंचाहत्तर वॉट लागतात, नव्या पद्धतीच्या मोटारीच्या पंख्याला तीसच्या आत. दिवसातून पंधरा तास पंखा चालला, तर महिन्याला वीस युनिटे वाचतात, आणि एका युनिटामागे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो असे धरले, तर एका पंख्यामागे महिन्याला तेरा-चौदा किलो कोळसा खाणीतच राहतो. छताच्या पंख्यांना ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची झाली ती जानेवारी २०२३ पासून, म्हणजे वातानुकूलन यंत्रांच्या फार मागाहून. पंखा हे गरिबाचे यंत्र असता हा क्रम उलटा असावयास हवा होता. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर हे कोरड्या उन्हाळ्याचे स्वस्त उपाय आहेत. मृगानंतर हवेत ओल आली की ते निरुपयोगी होतात. खरा प्रश्न भिंतीचा आणि छपराचा आहे. घरकुल योजनेतून मातीची आणि कवेलूंची घरे जाऊन काँक्रीटची आणि टिनाची घरे आली. ती पावसात टिकतात, त्यांना सर्पाची भीती कमी, आणि लोकांना ती हवी आहेत, म्हणून त्यांची निंदा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली टाकीत राहतो. विचारवंत इव्हान इलिच जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला आले होते. ऊर्जा आणि समता यांवर त्यांनी काही वर्षांपूर्वीच लिहिले होते, आणि बापूकुटीत बसून सुचलेले विचार त्यांनी तेथील परिषदेत मांडले. घर हे माणसाच्या वावरासाठी असावे, सामानाच्या कोठारासाठी नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला त्यात एवढेच जोडावयाचे आहे की, निवासी इमारतींसाठी २०१८ साली जी ऊर्जासंहिता झाली, तिचा विचार मोठ्या सदनिकासंकुलांसाठी होतो. घरकुलाच्या नकाशात छपराला पांढरा लेप, पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि आढ्याजवळ हवा जाण्यास वाट, इतक्या तीन गोष्टी घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.

आता व्यवहाराची गोष्ट. देशाचा ताळेबंद दिल्लीत होतो, राज्याचा मुंबई-पुण्यात होतो; जिल्ह्याचा आणि गावाचा कोठेच होत नाही. कुमारप्पांनी मातर तालुक्याची पाहणी केली तशी एका तालुक्याची ऊर्जा-पाहणी वर्ध्यातून व्हावी, अशी माझी विनंती आहे. सेलू किंवा समुद्रपूर तालुका घ्यावा. मगनवाडीत आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था उभी आहे, जिल्ह्यात अभियांत्रिकीची आणि शेतीची महाविद्यालये आहेत, ग्रामपंचायतींकडे घरांची यादी आणि महावितरणाकडे वाहिनीनिहाय आकडे आहेत. नोंदवहीत मीटरच्या युनिटांबरोबर आणखी काही रकाने असावेत: पंपाने उचललेले पाणी आणि त्यातून भिजलेले एकर, रात्री पाणी देण्यास जावे लागले ते दिवस, चुलीत गेलेल्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या, सरपण आणण्यात गेलेले बाईचे तास, मे महिन्यात दुपारी तीन वाजता घरातले तापमान. काम रब्बीच्या हंगामात एका वाहिनीवर सुरू करता येईल, म्हणजे पहिले ओलीत चालू असतानाच पंपांची तपासणी होईल, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी घरांची. त्या वहीचे पहिले वाचन ग्रामसभेत व्हावे, आणि त्यानंतर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि वीज नियामक आयोगाकडे दाखल करावी, म्हणजे पुढील दरनिश्चितीच्या सुनावणीत या तालुक्याच्या शेतकऱ्याला आणि गृहिणीला आपला आकडा स्वतः मांडता येईल.